त्यांच्या हातचं नाही

लिलाव पुकारणाऱ्या त्या गृहस्थाला थुंकी लावून पान उलटायची सवय होती. जी पुस्तकं हात धुऊन, पुसून, वाळवून मग उघडावीत, ती हा माणूस अंगठा जिभेवर फिरवून उलटायचा आणि वर गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा. बोलणं इतकं साखरेत घोळलेलं की धंद्यातले आम्ही सगळे त्याला मागून 'मधाचं बोट' म्हणायचो. त्या बोटाची मला अशी किळस होती की त्याच्याकडून घेतलेलं पुस्तक दुकानात आणलं की आधी कोरड्या फडक्याने पुसायचे, मगच फळीवर ठेवायचे. नवरा म्हणायचा, "जरा अतीच करतेस तू." करत असेन.

माझं दुकान जुन्या चित्रग्रंथांचं. लिलावात घ्यायचे, सैल झालेली शिवण नीट करायची आणि गिऱ्हाईक बघून विकायचे. गिऱ्हाईक बघून अशासाठी, की चिकट बोटांच्या माणसाला मी पुस्तक दाखवतच नाही. दारातच सांगते, आधी हात धुऊन या. यामुळे धंदा काही वाढला नाही, पण माझ्या शब्दाला वजन आलं. हे चित्र कोणाचं, ही छपाई मूळची की नंतरची, असं काही अडलं की मधाचं बोटसुद्धा भर सभागृहात मला विचारायचं. मी सांगितलं की वाद संपायचा. एकदाही मी खोटं सांगितलं नव्हतं आणि त्याचा मला थोडा माजही होता.

दुकानाच्या मागे, मधलं एक दार सोडलं तर लागूनच, माझ्या धाकट्या दिराचं चौकटींचं दुकान. चौकटी तो सुरेख करतो, त्यात वाद नाही. पण नुसत्या चौकटींवर याचं भागेना, म्हणून यानं जोडधंदा काढला. चित्रांची पुस्तकं घ्यायची, ब्लेडने पानं कापायची आणि एकेक पान चौकटीत घालून दवाखान्यांना, हॉटेलांना, वकिलांच्या कचेऱ्यांना विकायचं. उरलेला सांगाडा माझ्या दाराशी आणून ठेवायचा. "वहिनी, पुठ्ठा चांगलाय, कामाला येईल तुम्हाला." कोंबडी खाऊन पिसं शेजारी द्यावीत तसं. लग्न त्यानं केलं नाही, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे. ताटावर बसला की त्याच्या नखांत कागदाचा भुगा दिसायचा आणि माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा.

आता काकांबद्दल. सख्खे काका नव्हेत. चित्रकार होते. दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, तासन्‌तास पुस्तकं चाळायचे आणि काही न घेता निघून जायचे. त्यांची बोटं कायम रंगाने माखलेली, पण पान उलटायचे ते बोटांच्या मागच्या बाजूने, हलकेच. माझ्या दुकानात न सांगता असं करणारा तो एकच माणूस. चित्रावर सही मात्र ते कधी करत नसत. "सही केली की चित्र संपलं म्हणायचं," ते म्हणायचे. "माझं कुठे संपतंय अजून?"

त्यांनी माझ्याकडून एकच पुस्तक विकत घेतलं. जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं थोरलं. त्या काळी अशा पुस्तकांत चित्र पानाच्या एकाच बाजूला छापत, मागची बाजू कोरी ठेवत. म्हणजे पुस्तक उघडलं की उजवीकडे छापील चित्र आणि डावीकडे कोरं पान. शिवण तुटली होती, ती मी नव्याने घालून दिली. काकांनी ते घरी नेलं आणि पुढची कित्येक वर्षं त्या कोऱ्या पानांवर रंगवत बसले.

प्रत्येक छापील चित्राला त्यांनी समोरच्या पानावर उत्तर दिलं. उजवीकडे सिंहासनावर ऐटीत बसलेला राजा. डावीकडे तोच राजा मागून: झग्याची उसवलेली शिवण आणि तोंडात टाचण्या धरून ती घाईघाईने टाचणारी बाई. उजवीकडे चांदीच्या तबकात रचलेली फळं. डावीकडे पाहुणे उठून गेल्यानंतरचं टेबल, साली, बिया, माश्या आणि ते पुसणारा एक हात. उजवीकडे घनघोर लढाई, डावीकडे संध्याकाळी नदीवर घोडे धुणारी दमलेली माणसं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानात एकटीच खो खो हसले आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून बघायला बसले.

त्या चित्रांतली बाई म्हणजे काकू, काकांची बायको. शिंपीण तीच, टेबल पुसणारी तीच, नदीकाठी कपडे पिळणारीही तीच. काकूंच्या उजव्या कोपराखाली इस्त्री लागल्याचा तिकोनी डाग आहे, एरवी लांब बाह्यांच्या पोलक्याखाली झाकलेला. काकांनी तो एकाही चित्रात सोडला नव्हता. "स्वयंपाक टाकून उभी राहते मी, टाचण्या तोंडात धरून," काकू कुरकुरायच्या. "एकदा तरी राणी काढा म्हटलं, तर म्हणतात, राण्या काढणारे पुष्कळ होऊन गेले."

काका गेले. घर, चित्रं, पुस्तकं, सगळं त्यांनी भोळसटपणे मुलाच्या नावावर करून ठेवलं होतं. हे चिरंजीव बाप आजारी असताना फिरकले नव्हते. बाप गेल्यावर मात्र टेप घेऊन भिंती मोजायला हजर झाले. आईला एका खोलीच्या घरात हलवलं आणि बाकी सगळं मधाच्या बोटाकडे लिलावाला दिलं.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना नीट श्वाससुद्धा घेता येत नव्हता.

"अगं, मी त्याला म्हटलं, सगळं ने, ते एक पुस्तक राहू दे. तर म्हणतो कसा, आई, लिलाव सगळ्यांना खुला असतो. हवं तर तूही बोली लाव."

"असं म्हणाला?"

"हसत म्हणाला."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळली. आईसमोर मुलाला कशी द्यायची?

"मला ते बोलीबिली कळत नाही," काकू म्हणाल्या. "हात कधी वर करायचा, कधी खाली घ्यायचा. तू घे माझ्यासाठी. पण सबंध हवं हं मला. त्यातलं एक पान इकडेतिकडे नको."

"सबंधच मिळेल," मी म्हणाले. पुस्तक म्हणून त्याला कितीशी बोली लागणार? रंगवलेलं पुस्तक पुस्तकवाल्यांना नको असतं आणि पुस्तकातलं चित्र चित्रवाल्यांना. मी निर्धास्त होते.

लिलावाआधी एक दिवस माल बघायला ठेवतात. मी गेले. पुस्तक टेबलावर होतं, जसंच्या तसं. आणि त्याच्यावर वाकून माझे दीर उभे होते. चित्रांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पान उघडून आतल्या शिवणीवरून बोट फिरवत होते.

"वहिनी, ही शिवण तुमचीच ना? मजबूत घातलीय."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. घरातल्या माणसाने आपल्या कामाचं कौतुक केलं की कुठल्या बाईला वाटत नाही? बाजूला मधाचं बोट उभं होतं, तेही मान डोलावत होतं. ब्लेड कुठून घालायचं ते बघणं चाललंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

लिलावाच्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर दाराशी नेहमीसारखा एक सांगाडा ठेवलेला. मोठा, कापडी पुठ्ठ्याचा. आत पानं नाहीत, नुसत्या कापलेल्या कडा शिवणीला लटकलेल्या. बाजूला सरकवणार तेवढ्यात दोरा दिसला. माझा दोरा, माझी गाठ.

तो तसाच हातात घेतला. मधलं दार उघडून आत गेले तर दीर चहा पीत बसले होते.

"हे काय केलंत तुम्ही?"

"वहिनी, मी नुसती कापायची मजुरी घेतली. कल्पना लिलाववाल्यांची. एक पुस्तक विकण्यापेक्षा एकेक चित्र विकलं तर..." त्यांनी बोटांनी हवेत ढीग दाखवला. "आणि मुलाची परवानगी आहे. रीतसर काम आहे सगळं."

"उत्तर एकीकडे आणि प्रश्न दुसरीकडे झाला, कळतंय का तुम्हाला? राजा एका पानावर आणि त्याची पाठ दुसऱ्याच पानामागे राहिली!"

"कसला प्रश्न?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. जन्मभर चित्रांच्या कडा कापलेला माणूस, त्याने आतलं चित्र कधी पाहिलंच नव्हतं. मी सांगाडा पिशवीत घातला आणि निघाले.

सभागृहात नेहमीचा वास: सेंट, चहा, पॉलिश आणि घाम. एका भिंतीवर काकांची पानं टांगली होती, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर नंबर. शर्यतीच्या घोड्यांवर घालतात तसा. समोर ही गर्दी. "हे बघ, हे आपल्या सोफ्याला जाईल." "यात माश्या आहेत गं, नको." "घोडे चालतील, घोडे शुभ असतात." चिरंजीव नवा कोट घालून, पाहुण्यांचं स्वागत करावं तसे फिरत होते. शेवटच्या रांगेत काकू बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांनी पानं पाहिली होती. मला सांगावं लागलं नाही.

मी शेजारी बसले. पिशवीतला पुठ्ठा त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उघडला, कापलेल्या कडांवरून एक बोट फिरवलं आणि मिटला.

"कोणी कापलं?"

"माझ्या दिराने."

काकूंनी पुठ्ठा माझ्या पिशवीत परत ठेवला. त्याहून त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मधाच्या बोटाने हातोडा आपटून सुरुवात केली. आधी थोर चित्रकार, मग थोर चित्रकाराचे थोर चिरंजीव, असं सगळं गोड गोड झालं. मग तो म्हणाला, "चित्रांवर सही नाही म्हणून कोणी काळजी करू नये. आपल्या सुदैवाने चित्रकारांच्या बाईसाहेब स्वतः इथे हजर आहेत. विक्री झाल्यावर प्रत्येक पानामागे, छापील चित्राच्या कडेला, त्या आपल्या हाताने लिहून देतील. त्याशिवाय पैसे कोणी देऊ नयेत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या माना मागे वळल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याला लिहून द्यायचंय, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं.

आमच्या धंद्यात ही रीत आहे. चित्रकार गेला आणि चित्रावर सही नसली, तर ज्याने त्याला काम करताना पाहिलं असं घरचं माणूस चित्रामागे लिहून देतं: हे त्यांच्या हातचं आहे. ते वाक्य असलं की चित्र चित्रकाराचं. नसलं की कोण्या अनोळखी हाताचं, म्हणजे कवडीमोल. चिरंजीवांनी खरं तर स्वतःच लिहिलं असतं. पण बाप गेल्यापासून त्यांनी ते वाक्य इतक्या चित्रांमागे लिहून दिलं होतं, शेजाऱ्यांच्या, बापाच्या विद्यार्थ्यांच्या, एकदा तर स्वतःच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतल्या पानामागेही, की त्यांच्या सहीला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून आई हवी होती. आणि आई लिहून देणारच, हे इतकं गृहीत धरलेलं की तिला विचारायच्या आधी पुस्तक कापून मोकळे झाले होते.

पहिलं पान पुकारलं, राजाच्या पाठीचं. मी हात वर केला. एका जाड्या गृहस्थाने माझ्यावर बोली चढवली. मी पुन्हा वर केला. त्याने मागे न बघता एवढी चढवली की माझा हात आपोआप खाली आला. एक वार, दोन वार, तीन वार. मग घोडे गेले. मग फळांच्या साली एका दातांच्या डॉक्टरीणबाईने घेतल्या. तिच्या दवाखान्याच्या पडद्यात तोच पिवळा होता म्हणे. प्रत्येक हातोड्याला काकूंच्या पापण्या मिटायच्या. भिंत रिकामी होईपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

मग पुढे टेबल मांडलं. त्यावर पेन, पानांचा गठ्ठा आणि एक खुर्ची. चिरंजीव आईला घ्यायला आले. "चल आई, पाच मिनिटांचं काम आहे. मग तुला घरी सोडतो." कोपराला धरून त्यांनी तिला पुढे नेलं. मीही मागे गेले. का गेले, माहीत नाही. कोणीतरी तिच्या बाजूला असावं असं वाटलं.

काकू बसल्या. चष्मा काढून पदराने नव्हे, रुमालाने नीट पुसला, पुन्हा लावला. पहिलं पान पाकिटातून बाहेर काढलं. राजाची पाठ, उसवलेला झगा, तोंडात टाचण्या धरलेली बाई, तिचा वर उचललेला हात आणि कोपराखाली तो तिकोनी डाग. काकू खूप वेळ बघत राहिल्या. चिरंजीवांनी पेन पुढे केलं.

काकूंनी उजव्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि म्हणाल्या, "हे त्यांच्या हातचं नाही."

कोणाला पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही.

"आई, अगं काय बोलतेस?"

"नाही म्हणजे नाही." त्यांनी दुसरं पान घेतलं. "हेही नाही." तिसरं. "छे, हे तर मुळीच नाही."

"आई, तूच तर उभी राहायचीस त्यांच्यासमोर!"

"मी? राजाच्या मागे? टाचण्या तोंडात धरून?" काकू म्हणाल्या. "मला वेड लागलंय का?"

लोक हसले. चिरंजीवांचा चेहरा लालबुंद झाला. गर्दीकडे वळून ते म्हणाले, "माफ करा, तिचं वय झालंय, तिला आठवत नाही हल्ली." त्यावर तो जाडा गृहस्थ उठला. "आठवत नसेल तर तिच्या सहीचा तरी काय उपयोग? मला तर आधी लिहून दिलेल्यांचीच शंका यायला लागली." हे बोलल्याबरोबर आणखी चारपाच जण उठले. मधाचं बोट पहिल्यांदाच हसत नव्हतं. त्याने अंगठा जिभेला लावला, समोर उलटायला पान नव्हतं, तसाच कोटाला पुसला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"बाई, तुम्ही सांगा! तुमच्याकडचंच पुस्तक होतं ते. काका रोज तुमच्याकडे बसायचे. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मला माहीत होतं. प्रत्येक पान माहीत होतं. त्या माणसाची बोटं पानाखाली कशी सरकायची तेसुद्धा माहीत होतं. काकूंनी वर पाहिलं नाही. त्या बाहीचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "काका रंग पातळ लावायचे. इथे थर बघा केवढा आहे. कोणा हौशी माणसाने नक्कल केलीय."

किती सफाईने बोलले मी! खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला इतकं चांगलं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं.

"वहिनी!" मागून आमचे दीर ओरडले. "खोटं का बोलता? मी स्वतः पाहिलंय काकांना या पुस्तकात..."

"तू गप रे," कोणीतरी म्हणालं. "कॅलेंडरं चौकटीत घालून अस्सल म्हणून विकतोस, तू काय सांगणार?" पुन्हा हशा झाला आणि प्रकरण संपलं.

लोकांनी पानं टेबलावर टाकली आणि निघून गेले. मघाशी ज्याच्यासाठी भांडत होते, ते आता हाताला लागू नये अशा बेताने टाकत होते. चित्र तेच, रंग तेच, घोडे तेच. एकालाही खाली वाकून पुन्हा बघावंसं वाटलं नाही. फक्त डॉक्टरीणबाईंनी फळांच्या सालींचं पान परत केलं नाही. "कोणाचं का असेना, पडद्याला जुळतंय," त्या म्हणाल्या आणि पाकीट काखेत मारून गेल्या. चिरंजीव आईला न घेताच निघाले. जाता जाता मधाच्या बोटाला म्हणाले, "घाला रद्दीत सगळं." काकूंना मी घरी सोडलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "आता ते स्वस्त झालं ना गं?"

तेव्हा मला कळलं की बाई टेबलाशी बसताना काय हिशेब करून बसल्या होत्या.

मी लगेच मागितलं नाही. मागितलं असतं तर मधाच्या बोटाला वास लागला असता. त्याने ती पानं पुढच्या लिलावात मोडक्या चौकटी आणि फुटक्या फुलदाण्यांच्या ढिगात घातली. 'अनोळखी हाताची रंगीत पानं, सजावटीसाठी.' मी दुसऱ्या रांगेत बसले. शेजारी येऊन दीर बसले. मी सर्वांत खालची बोली लावली. कोणालाच नको होतं. आणि दिरांनी हात वर केला.

"तुम्हाला कशाला हवंय?" मी दात खाऊन विचारलं.

"अनोळखी असलं म्हणून काय झालं? दवाखान्यात नाव कोण विचारतं? कापलेली आहेतच, आता नुसत्या चौकटी घालायच्या."

मी हळूच म्हणाले, "संध्याकाळी जेवायला यायचंय ना?"

"म्हणजे?"

"आणि उद्या सकाळी? आणि परवा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात असा खाली घेतला की जणू केसच नीट करत होते. हातोडा पडला. त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं, शब्दाला जागले. पण मधल्या दाराला कुलूप लावलं, ते अजून आहे. आता ते रस्त्यावरून वळसा घालून जेवायला येतात आणि आधी माझ्यासमोर मोरीवर हात धुतात. नखांतलं मी बघते.

पुस्तक पुन्हा बांधायला मला पूर्ण हिवाळा लागला. प्रत्येक पानाला कापल्या कडेवर पातळ कागदाची पट्टी लावली, क्रम जुळवला, जुन्या पुठ्ठ्यात नवी शिवण घातली. आधी सगळी पानं कोरड्या फडक्याने पुसली, दोनदा. तबकातल्या फळांसमोर मात्र एक रिकामी पट्टी आहे; त्या पानामागचं छापील चित्रही त्याच्याबरोबर गेलं. तिथलं उत्तर कुठल्यातरी दवाखान्यात दात उपटून घेणारी माणसं बघत असतील, किंवा बघत नसतील.

पुस्तक काकूंच्या घरी ठेवता येत नाही. चिरंजीव कधीतरी येतात, कपाटं उघडून बघतात. म्हणून ते माझ्याकडेच आहे, सर्वांत वरच्या फळीवर, आणि काकू दुपारी दुकानात येतात. काकांच्या स्टुलावर बसून बोटांच्या मागच्या बाजूने पानं उलटतात.

मी प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवते, कोणाचं, कधीचं, अशी. बांधून झाल्यावर मी काकूंना विचारलं, "इथे काय लिहू?"

"भर सभेत सांगितलंस ना? तेच लिही."

"काकू, इथे कोण बघणार आहे?"

"कोणीही बघेल. दुकान आहे ते. एकदा का नाव लिहिलंस की पुन्हा ब्लेड घेऊन येतील." मग थांबून म्हणाल्या, "जन्मभर त्या माणसाला मी 'हे तुमचंच का?' असं कधी विचारलं नाही. आणि शंभर माणसांसमोर म्हटलं, त्यांचं नाही. मला माझ्याच जिभेची शिसारी येते गं. पण मी हयात आहे तोवर त्यांचं नाहीच ते."

मी 'अनोळखी हात' असं लिहिलं, चिठ्ठी आत ठेवली आणि आत जाऊन साबणाने हात धुतले.

परवा एक मुलगी आली होती. चित्रकला शिकते. दारात मी बोलायच्या आधीच तिने हात पुढे करून दाखवले, स्वच्छ होते. काकूंच्या खांद्यावरून ती त्या पुस्तकात बघायला लागली. राजाच्या पाठीपाशी आली आणि खुदकन हसली. मग लढाई, मग घोडे. तिचं हसू हळूहळू थांबलं. ती खाली बसली, काकूंच्या पायांशी, फरशीवर.

"कोणी काढलंय हे?" तिने मला विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. उन्हामुळे त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या. पानावरच्या बाईच्या कोपराखालचा डाग आणि पान धरलेल्या हाताचा डाग एकमेकांपासून वीतभर अंतरावर होते. मुलीचं लक्ष चित्रात होतं. काकूंनी सावकाश बाही खाली ओढली.

"माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "पण हात चांगला होता त्याचा."